भूक वेगळी, चाळा वेगळा: बिडी कशी सोडायची

अंबाजोगाईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. बिडी त्याच्याही आधीपासूनची, उमेदवारी करताना उस्तादाच्या बंडलातून लागलेली. दिवसाला एक बंडल आणि वर चार-सहा सिगारेटी, हा तीस वर्षांचा हिशोब. सकाळी डोळा उघडला की दहा मिनिटांत पहिली बिडी पेटलेली असायची.

२०२४ च्या फेब्रुवारीत एका विहिरीवर पंप बसवायला गेलो होतो. चाळीस-पंचेचाळीस फूट खोल विहीर, लोखंडी शिडी. काम झालं, वर आलो आणि स्टार्टर दाबायला हात उचलेना. दहा मिनिटं काठावर बसून राहिलो. मालक पाणी घेऊन उभा, कारागीर पोरगा माझ्या तोंडाकडं बघत उभा. त्या दिवशी सोडायचं ठरवलं. सुटली मात्र सात महिन्यांनी. मधल्या काळात मी काय चुकलो आणि काय बरोबर केलं, ते कामाच्या क्रमानं लिहितो. कुणाचे सात महिने वाचले तर वाचावेत, एवढ्यासाठी.

त्या एप्रिलमध्ये सहा आठवडे पोराकडं इंग्लंडला गेलो, लेस्टरला. त्यानं दुसऱ्याच दिवशी मला एका दुकानात नेलं आणि रिफिलचा छोटा पॉड, म्हणजे लिक्विड भरून वापरायची ई-सिगारेट, घेऊन दिला. तिथं ही वस्तू उघड मिळते. अठरा वर्षांखालच्याला विकायची नाही, टाकी २ मिलीच्या वर नको, लिक्विडची बाटली १० मिलीच्या वर नको आणि एका मिलीत २० मिलिग्रॅमच्या वर निकोटिन नको, असे तिथले नियम आहेत. धूम्रपान सोडू पाहणाऱ्याला तिथली सरकारी आरोग्यसेवाच हे साधन सुचवते. दुकानदारानंही आधी विचारलं, दिवसाला किती ओढता आणि उठल्यावर पहिली किती वेळानं. हा दुसरा प्रश्न लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

वस्तू मला उमजायला वेळ लागला नाही. खाली बॅटरी, वर काळपट पारदर्शक टाकी, ती चुंबकानं खटकन बसते. टाकीच्या बुडाशी बारीक जाळीची कॉइल आणि तिला लपेटलेला कापूस. कापूस लिक्विड पितो, कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते. माझ्या पॉडची कॉइल एक ओहमची होती. लिथियमची बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे साधारण चौदा वॅट. सोल्डरिंगच्या लहान इस्त्रीइतकाही जोर नाही, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तेवढं पुष्कळ झालं. लिक्विड म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि वास. जळत काहीच नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही नाही. तरी ते निरुपद्रवी नव्हे. निकोटिन तेच, नाडी वाढवणारं आणि गळ्यात दोरी अडकवणारं. ज्यानं कधी बिडी-सिगारेट ओढली नाही त्यानं, त्यातही कॉलेजच्या पोरांनी, हात लावायची ही गोष्ट नाही.

पहिल्याच दिवशी मी कॉइल जाळली. बाजूचं रबरी बूच काढलं, बाटलीची चोच घातली, टाकी भरली, बूच लावलं आणि लगेच ओढलं. घशात असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. तोंडात जळक्या चिंधीची चव, ती संध्याकाळच्या जेवणापर्यंत गेली नाही. कारण साधं होतं: कापूस भिजायच्या आधीच कॉइल तापली. कोरड्या विहिरीत सबमर्सिबल चालवली की जे होतं तेच. भरल्यावर पाच-दहा मिनिटं टाकी उभी ठेवायची, मग ओढायचं, हे दुकानदारानं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

दुसरी चूक ओढण्याची. ती सगळ्या बिडीवाल्यांची होते, म्हणून सविस्तर सांगतो. बिडी सारखी ओढली नाही तर विझते. म्हणून आपल्याला गाल आत जाईपर्यंत जोर लावायची आणि लागोपाठ झुरके घ्यायची सवय असते. पॉडला तसा जोर लावला की लिक्विड कॉइलमधून वर येतं, गुडगुड आवाज होतो आणि तोंडात कडू थेंब येतो. लागोपाठ ओढलं की कापसाला परत भिजायला उसंत मिळत नाही. तो झुरका हळू घ्यायचा असतो. तीन-चार सेकंद तोंडात, मग छातीत, मग थांबायचं. बशीतला गरम चहा ओठानं ओढतो तितपत जोर. हे जमायला मला चार दिवस लागले.

पण त्या चार दिवसांत एक गोष्ट कळली, आणि हा लेख तिच्यासाठीच आहे. पॉड ओढून पाच मिनिटं झाली की छातीतली तगमग थांबायची, तरी हात खिशाकडं जायचा. खिशात आगपेटी नाही म्हणून जीव कासावीस व्हायचा. म्हणजे आपल्याला लागलेली गोष्ट एक नाही, दोन आहेत. एक निकोटिनची भूक, ती रक्तातली. दुसरा चाळा, तो हाताचा, ओठाचा, चहाच्या कपाचा, टपरीवरच्या बाकड्याचा. आजवर चार वेळा मी बिडी सोडली होती. चारही वेळा दोन्हींशी एकदमच भिडलो आणि आठवड्याच्या आत हरलो. मोटार बिघडली तर आपण बेअरिंग आणि वाइंडिंग एकाच फटक्यात तपासतो का? आधी वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायला मेगर लावतो, मग बेअरिंग हातानं फिरवून बघतो.

सहा आठवड्यांत तिथं बिडी सुटली. पहिल्या आठवड्यात पॉडही चालू आणि पोराच्या घरामागं जाऊन सिगारेटही चालू, असं दोन्ही केलं. त्यात काही कमावलं नाही, कारण धूर तर छातीत जातच होता. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त पॉड. निघताना पॉड पोराकडंच ठेवला. आपल्याकडं २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, जाहिरात करणं आणि साठा ठेवणं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा कुणी चोरून आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. कायद्याची बाजू एक, जिवाची दुसरी. चोरट्या बाटलीत काय भरलंय ते कुणी तपासलेलं नसतं. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात पोचले आणि ६८ दगावले. बहुतेकांच्या बाबतीत बोट गेलं ते गांजाच्या अर्काच्या बेकायदा काडतुसांकडं, ज्यांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं.

१ जूनला घरी आलो. ३ तारखेला टपरीवर चहा घेतला आणि बाजूच्या माणसाकडून बिडी मागितली. एका आठवड्यात पुन्हा पूर्ण बंडलावर.

पोरानं फोनवर सांगितलं, बाबा, आपल्याकडं पॉड नाही पण औषधाच्या दुकानात निकोटिनची चघळायची गोळी, म्हणजे गम, मिळते, आधी डॉक्टरला विचारा. तिथून खरं काम सुरू झालं. पुढचं नीट वाचा.

गोळी दोन ताकदीची असते, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. कुठली घ्यायची ते दिवसाच्या बिड्या मोजून ठरवायचं नाही. त्या दुकानदाराचाच प्रश्न विचारायचा: उठल्यावर पहिली किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४, त्यानंतर असेल तर २. आपल्याकडं २ ची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, ४ साठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. माझी पहिली बिडी दहा मिनिटांत, म्हणून मला ४ लिहून दिली. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, ठोके अनियमित आहेत किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी २ ची सुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. कवळी असेल तर गोळी तिला चिकटते. अशांनी डॉक्टरला निकोटिनच्या चिकटपट्टीबद्दल विचारावं. ती दंडाला लावून ठेवायची असते. चिठ्ठीवर मिळणारी, निकोटिन नसलेली औषधंही आहेत.

आता चघळायचं कसं. इथंच बहुतेकांचं बिनसतं आणि मग गोळीला दोष देतात. पहिल्या दिवशी मी ती पोरांच्या च्युइंगमसारखी चघळली. पाच मिनिटांत उचकी लागली. ती थांबेना, वर छातीत जळजळ आणि मळमळ. झालं असं की निकोटिन लाळेबरोबर पोटात गेलं. पोटात गेलेलं फारसं कामाला येत नाही, नुसता त्रास देतं. कामाला येतं ते गालाच्या आतल्या ओल्या कातडीतून रक्तात शिरलेलं. म्हणून रीत अशी: गोळी दाताखाली घेऊन हळूहळू दाबायची, दहा-पंधरा वेळा. मग मिरी चावल्यासारखी तिखट चव येते, हिरडीला मुंग्या येतात. मुंग्या आल्या की थांबायचं. गोळी गाल आणि हिरडीच्या मधे सारून ठेवायची, जशी आपली माणसं तंबाखूची चिमूट ठेवतात तशी. मिनिटभरानं मुंग्या ओसरल्या की परत चार-सहा वेळा दाबायची आणि दुसऱ्या गालात ठेवायची. असं अर्धा तास. मग चवच येत नाही, गोळी रबरासारखी होते. तेव्हा कागदात गुंडाळून टाकायची. लेकरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती-तोंडी लागू द्यायची नाही, चोथ्यातही निकोटिन उरलेलं असतं.

आणि चहा. आपल्या भागात याच्याइतकं अवघड काहीच नाही. तोंडात आंबटपणा असला की गालातून निकोटिन शिरत नाही. चहा, कॉफी, थंड पेय, लिंबू सरबत, सगळं त्यातच मोडतं. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको. दुकानात दर तासाला कुणीतरी गिऱ्हाईक चहा सांगतं. मी काय केलं, चहा दिवसात तीन वेळांना बांधला, सकाळी सात, अकरा आणि चार. गिऱ्हाइकाला सरळ सांगायचो, बिडी सोडलीय, मधल्या वेळेला चहा चालत नाही. एकानंही वाईट मानलं नाही. उलट दोघा-तिघांनी गोळीचं नाव कागदावर लिहून नेलं.

किती घ्यायच्या? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला निदान नऊ. मी कमी घ्यायचा प्रयत्न केला, औषध कमी घेतलं तर बरं असं मनात. ते चूक आहे. भूक उपाशी ठेवली की ती टपरीवर घेऊन जाते. चोवीस तासांत चोवीसच्या वर मात्र जायचं नाही. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी एक. दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. नंतर बंद. आणि गोळी चालू असताना बिडी नाही, एकही नाही.

दिवस कोणता धरायचा, यालाही महत्त्व आहे. आमच्या धंद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मोटारी जळतात. रब्बीला पाणी द्यायचं असतं, लाइट रात्रीची, व्होल्टेज कमी, लोक रात्री दोनला फोन करतात. त्या दिवसांत मी चारदा सोडली आणि चारदा धरली. या वेळी मृग लागल्यावरचा सोमवार धरला, १० जून. पाऊस पडला की पंप बंद आणि दुकान निवांत. तुमचं काम काय आहे त्यावर तुमचा निवांत काळ बघा. ऊसतोडीवाल्यानं तोडीच्या हंगामात सुरू करू नये, आडत्यानं तूर-हरभऱ्याच्या आवकेत सुरू करू नये. आदल्या रात्री घरातली बंडलं, आगपेट्या आणि दुकानातली राखेची वाटी आमच्या मंडळींनी उचलून नेली. आगपेटी देवघरात एकच ठेवली.

पहिले तीन दिवस वाईट जातात, हे धरूनच चाला. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. मी दुसऱ्या दिवशी कारागिरावर नाही त्या कारणानं ओरडलो, मग त्याची माफी मागितली. तिसऱ्या दिवसानंतर उतार लागतो, तीन-चार आठवड्यांत बहुतेक मावळतं. तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटं टिकते. घड्याळ लावून बघा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तांब्यानं पाणी प्यायचो आणि लाट जायची.

हे झालं भुकेचं. चाळ्याला गोळी चालत नाही, त्याला वेगळी वस्तू लागते. मी ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. जाडीला बिडीएवढी, ओठात धरता येते, बोटात फिरवता येते आणि चावली की गोड लागते. शर्टाच्या ज्या खिशात बंडल असायचं त्याच खिशात त्या ठेवल्या. रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध जास्त खाऊ नये, त्यांनी दालचिनीचा तुकडा किंवा बडीशेप घ्यावी. बाकड्याची सवय मोडायला मी चहा दुकानातच उभ्यानं प्यायला लागलो. टपरीवरचे मित्र दुकानात यायला लागले. बाहेर पेटवून आत यायचं नाही, एवढं त्यांना हात जोडून सांगितलं. त्यांनी ते पाळलं.

इथं एक फसगत होते, ती कळकळीनं सांगतो. बिडी सोडली आणि तोंडात सुपारी, खर्रा नाहीतर तंबाखू-चुना धरला, याला सोडणं म्हणत नाहीत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा तोंडाचा कर्करोग करते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ती उगाच नाही. आमच्या गल्लीत बिडी सोडून सुपारीवर गेलेल्या एकाचं तोंड आज दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खातो. बायकांची मिश्रीही त्यातलीच. आणि बिडी सिगारेटपेक्षा हलकी, पानाची म्हणून औषधी, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. तेंदूच्या पानातून हवा नीट जात नाही, म्हणून झुरका जोरात घ्यावा लागतो आणि सिगारेटपेक्षा जास्त डांबर, जास्त कार्बन मोनॉक्साइड छातीत जातं.

एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्तीचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयांतही तंबाखूमुक्तीचं केंद्र असतं. सोडायच्या दिवसाच्या आधीच फोन करा. तलफ चढलेली असताना माणूस नंबर शोधत बसत नाही.

बारावा आठवडा पोळ्याला संपला, २ सप्टेंबरला. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून झाला, पुरणपोळी खाल्ली आणि ठरल्याप्रमाणे त्या दिवशी गोळी घेतली नाही. जानेवारीत चुलत्याच्या मातीला गेलो होतो. तिथं कुणीतरी पेटवलेली बिडी हातात दिली आणि मी दोन झुरके मारले. रात्रभर झोप लागली नाही, वाटलं सगळं गेलं. सकाळी उठून जुन्या पाकिटात उरलेली एक गोळी घेतली, ज्येष्ठमधाची काडी खिशात टाकली आणि दुकान उघडलं. दोन झुरके म्हणजे दोन झुरके. ते बंडल नव्हे. तुमच्याकडून असं झालं तर त्याच दिवशी परत रुळावर या, सोमवारची किंवा पाडव्याची वाट बघू नका. त्यासाठी गोळ्यांचं एक पाकीट, तारीख बघून, वर्षभर हाताशी ठेवा. माझं हत्यारांच्या पेटीत मेगरशेजारी असतं.

मागच्या महिन्यात घाटनांदूरकडं एका विहिरीत उतरलो होतो. पन्नास फूट असेल. फूटव्हॉल्व्ह बदलला, वर आलो, स्टार्टर दाबला, पाइपाला पाणी लागलं. मालकानं आणलेला तांब्या मग घेतला.